नदीचं पाणी निळं होतं का?

मारकूर, वाझ नदीचा काठ
शनिवार, ३० मार्च १८८९

माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या आणि सत्तर वर्षांनी शहाण्या झेली ताईला,

धाकट्या एव्हारिस्तचा वाकून नमस्कार. (वाकून हा शब्द रीत म्हणून लिहिला आहे. परवापासून कंबरेत उसण भरली आहे, त्यामुळे हे पत्र मी उभ्यानं, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहितो आहे. उसण कशानं भरली ते ओघानं येईल.) तुझे गुडघे कसे आहेत? फिर्मँ दाजींचा खोकला उतरला की चढला? तू लिहिलंस की कालव्याची दारं उघडताना दाजी आता बोटवाल्यांना शिव्या देत नाहीत. ते वाचल्यापासून मला त्यांच्या प्रकृतीची खरीखुरी काळजी लागली आहे. पांढऱ्या सशिणीला पिल्लं झाली असतील. तू पाठवलेलं चीज पोचलं. पोस्टमननं ते हात लांब करून दिलं आणि पोचपावतीवर सही न घेताच पळाला, यावरून ते उत्तम मुरलं होतं हे तुझ्या लक्षात येईल. मी खुशाल आहे. वकिली चालू आहे, केस गळताहेत, मतं जागेवर आहेत.

आता मी एका गंभीर विषयाकडे वळतो. आधुनिक कलेचा आरंभ कशापासून धरायचा, वास्तववादापासून की दृक्प्रत्ययवादापासून? हसू नकोस, ताई. मला माहीत आहे की हे वाक्य तू दाजींना मोठ्यानं वाचून दाखवशील आणि दाजी पाइप काढून म्हणतील, "मेहुण्याला लग्न करायला सांग." पण माणसं याच प्रश्नावरून एकमेकांशी बोलेनाशी झाली आहेत, आणि पॅरिसच्या कॉफीघरांतून त्यापायी किती कप फुटले याची गणती नाही. वास्तववाद म्हणजे काय, तर देव, देवदूत आणि घोड्यावरचे सेनापती बाजूला सारून चित्रकारानं बटाटे खणणारा माणूस आणि धुणं धुणारी बाई रंगवली, आणि तीही राजाराणीला मिळायची तेवढ्या मोठ्या कॅनव्हासच्या पडद्यावर. दृक्प्रत्ययवाद त्याच्यानंतरचा. नदीकाठी छत्री रोवून बसायचं, ऊन सरकायच्या आत डोळ्याला जे भासेल त्याचे फटकारे मारायचे, आणि ओल्या चित्रासकट संध्याकाळच्या गाडीनं घरी जायचं. माझा पक्ष कोणता हे तुला सांगायला नको. गेली अठ्ठावीस वर्षं मी तो कोर्टात, कॉफीघरात आणि दोनदा मयतीत मांडला आहे.

आणि त्याचं कारणही तुला सांगायला नको, पण लिहितो, कारण लिहिल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आईचा एकही फोटो नाही. जत्रेतल्या फोटोवाल्याला ती काय म्हणाली होती हे तूच मला सांगितलं होतंस: "ओल्या हातांचे फोटो काढत नाहीत." मी अठरा वर्षांचा असताना, कायद्याच्या पहिल्या वर्षाला, इलारियों ब्रोसारच्या चित्रशाळेत त्याचं 'धुणं' हे चित्र पाहिलं. नऊ फूट उंच, बारा फूट रुंद, मारकूरची नदी, सात बायका. ब्रोसारनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि डावीकडून तिसरीकडे बोट दाखवून म्हणाला, "ती तुझी आई." मी लहान मुलासारखा रडलो. धुणं धुणाऱ्या उर्स्युलला, जिला रस्त्यात कोणी वाट देत नव्हतं, तिला या माणसानं सम्राज्ञीएवढी जागा दिली होती! त्या दिवसापासून मी वास्तववादी झालो. पुस्तकं नंतर वाचली.

तर मारकूर नगरपालिकेनं नवं सभागृह बांधलं, आणि नगराध्यक्षांच्या खुर्चीमागं एक भिंत रिकामी राहिली. पलीकडच्या काठावरच्या गावानं त्यांच्या भिंतीवर घोड्यावरचा सेनापती टांगला आहे, हे कळल्यापासून आपले नगराध्यक्ष पेपँ यांची झोप उडाली होती. (त्यांना सेनापती आवडतात, पण दुसऱ्याच्या भिंतीवर नाही.) त्यांनी ठराव केला की आपण 'नव्या कलेचा आरंभ' दाखवणारं चित्र लावायचं. ठराव एकमतानं मंजूर झाला. नवी कला कुठं आरंभते हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून मग तेरा जणांची समिती नेमली आणि अध्यक्षपदी मला बसवलं. समोर दोन चित्रं आली. एक अर्थातच ब्रोसारचं 'धुणं'. दुसरं औषधांच्या दुकानवाल्या इझिदोर कासान्यनं आपल्या भिंतीवरून काढून आणलेलं, पाव ठेवायच्या ताटलीएवढं. ते मारेन नावाच्या एका चित्रकाराचं. सोळा वर्षांपूर्वी दोन उन्हाळे तो इथल्या गिरणीवाल्याकडे राहिला होता आणि छातीच्या दुखण्यानं वारला. त्या चित्रातही आपलीच नदी होती आणि काठाला बांधलेली, बायका जिच्या फळ्यांवर धुणं धुतात ती धुण्याची होडीही होती, असं म्हणतात. मला त्यात फक्त चार ठिपके आणि निळा रंग दिसला. इतका निळा की चित्रकाराच्या हातून डबी सांडली असावी. कासान्यचं म्हणणं असं, की आधुनिक कला तिथून सुरू होते. मी त्याला भर चौकात सांगितलं की तिथून सुरू होतो तो मोतीबिंदू.

नगराध्यक्षांनी दोन्ही पक्षांचं जाहीर भाषण ठेवलं आणि तारीख काढली, गुरुवार, अठ्ठावीस मार्च. ताई, तू चाळीस वर्षांपूर्वीची धुणेवाली. तारीख वाचल्याबरोबर तू कपाळावर हात मारला असशील. उपासाच्या चाळीस दिवसांतला मधला गुरुवार! धुणेवाल्यांच्या सणाचा दिवस! आमच्या नगराध्यक्षीणबाईंचे कपडे हल्ली पॅरिसला धुवायला जातात, त्यामुळे त्या घरात हा सण कोणाला आठवलाच नाही. सभागृह त्या दिवशी पाच वाजल्यापासून धुणेवाल्यांच्या नाचासाठी दिलेलं आहे, हे फक्त शिपायाला माहीत होतं, आणि शिपायाला कोणी काही विचारत नाही.

सकाळी ब्रोसारचं चित्र आणायचं होतं. चौकटीसकट ते चित्रशाळेच्या दारातून आलं नाही, चौकट काढल्यावरही आलं नाही, शेवटी खिडकी काढली. अग्निशमन दलाचे सहा जवान ते उचलून निघाले. मार्चचा वारा तुला माहीत आहे. पुलाजवळच्या वळणावर वाऱ्यानं त्या पडद्यात पोट भरून घेतलं आणि सहाच्या सहा जवान शीड लागल्यासारखे उताराकडे पळू लागले. त्यांचा नायक मागून "डावीकडे! डावीकडे!" असं ओरडत होता, आणि डावीकडे नदी होती. नावाडी लोक काठावर बसून न्याहारी करत होते, त्यांतला एक म्हणाला, "जाऊ द्या की पाण्यात! धुणंच आहे ना, धुऊन तरी निघंल!" मी स्वतः एक कोपरा धरून लोंबकळलो तेव्हा कुठं ते थांबलं. ब्रोसार एकाहत्तर वर्षांचा आहे, पायाला संधिवात आहे, तो बिचारा एका पायरीवर डोळे झाकून बसला होता आणि एवढंच विचारत होता, "भिजलं का? आधी सांगा, भिजलं का?" सभागृहाच्या दारातूनही चित्र जाईना, म्हणून तिथलीही खिडकी काढावी लागली, आणि पुढचे तीन तास सगळी सभा त्या भगदाडातून येणाऱ्या वाऱ्यात बसली. कासान्य मात्र आपलं चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून, खोकल्याच्या गोळ्यांच्या पुड्यांबरोबर काखेत घेऊन आला. या एका गोष्टीत दृक्प्रत्ययवाद सोयीचा आहे, हे मी न्यायबुद्धीनं मान्य करतो.

दोन वाजता मी व्यासपीठावर चढलो आणि समोर पाहिलं तर सभागृह फुलून गेलेलं. शंभर-सव्वाशे बायका! धुतल्या कपड्यांत, केसांत कागदी फुलं, पुढच्या रांगेत सणाची राणी, एक जाड मुलगी, सोनेरी पुठ्ठ्याचा मुकुट घालून बसलेली. ताई, माझं मन भरून आलं. मला वाटलं, वर्षानुवर्षं मी ज्यांच्या बाजूनं बोललो त्या आज आपण होऊन ऐकायला आल्या. (त्या नाचासाठी आल्या होत्या. लवकर आल्या, कारण खुर्च्या कमी होत्या.) मी बोलायला सुरुवात केली. हजारो वर्षं कलेनं कोणाचे पाय रंगवले आणि कोणाचे हात लपवले इथपासून मी सुरुवात केली. देवळांच्या छतावरून राजांच्या दालनात आणि राजांच्या दालनातून क्रांतीच्या रस्त्यावर आलो. म्हणालो, नवी कला ज्या दिवशी जन्मली तो दिवस मी तुम्हाला दाखवतो! ज्या दिवशी एका माणसानं मोजपट्टी घेतली आणि म्हणाला, सम्राटाला बारा फूट तर धुणेवालीलाही बारा फूट, त्या दिवशी! विषय बदलला तेव्हा जग बदललं. बाकी सगळी रंगाची चलाखी! बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी परिणामासाठी थांबलो, तर मागं व्हायोलिनवाल्याला वाटलं भाषण संपलं, आणि त्यानं एक गत सुरू केली. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी दोघी जणी उठून नाचायलाही लागल्या होत्या.

मग मी कासान्यच्या चित्राकडे वळलो. "नागरिकहो," मी म्हणालो, "मी या नदीकाठी जन्मलो. वाझ नदी मी तपकिरी पाहिली आहे, हिरवी पाहिली आहे, पुरात लाल पाहिली आहे. अशी निळी ती फक्त आजारी डोळ्याला दिसते! हे चित्र खोटं बोलतं आणि वर ते आपला स्वभाव आहे म्हणून सांगतं. ज्याला गरिबाचा चेहरा रंगवण्याइतकाही वेळ नव्हता, त्याच्या हातून नवं युग सुरू होईल काय?" हे वाक्य मी तीन रात्री घासलं होतं.

कासान्य उठला. तो बोलायला वाईट नाही, फक्त बोलताना बाटलीला बूच बसवल्यासारखा अंगठा फिरवतो. म्हणाला, "वकीलसाहेबांनी विषय पाहिला, चित्र पाहिलंच नाही. धुणेवाली काय, राणी काय, चित्रशाळेच्या चार भिंतींत शेगडीजवळ उभी केली की दोघींच्या अंगावर तोच उत्तरेचा थंड उजेड! नवी कला तेव्हा सुरू झाली, जेव्हा चित्रकार दार उघडून बाहेर पडला. आपल्याला काय ठाऊक आहे ते रंगवायचं त्यानं सोडलं, आणि समोर काय दिसतंय ते रंगवलं." इथपर्यंत ठीक होतं. मग तो निळ्या रंगावर आला. आकाशाचं प्रतिबिंब, सावलीतले पूरक रंग, डोळ्याच्या पडद्यावरचे सूक्ष्म तंतू, जर्मनीतला कोणी प्राध्यापक. पाऊण तास. पुठ्ठ्याचा मुकुट एका बाजूला कलला होता. राणी झोपली होती.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून काठी आपटल्याचा आवाज आला. पेर्पेत्यू मावशी! तुला वाटलं असेल ती केव्हाच गेली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, वाकून अर्धी झाली आहे, पण अजून धुण्याच्या होडीची मालकीण तीच. ती उठली, बाकांमधून वाट काढत पुढं आली आणि छोट्या चित्रासमोर नाक लावून उभी राहिली.

"कासान्य," ती म्हणाली, "कसलं आकाश घेऊन बसलायस? नीळ आहे ती."

"काय?"

"नीळ, नीळ! तुझ्याच दुकानातली. तुझा बाप पुरचुंडी बांधून द्यायचा, आता तू देतोस, आणि आधीपेक्षा कमी देतोस. बुधवारी पांढऱ्या कपड्यांना शेवटचं पाणी नीळ घालून. दुपारी सगळ्याजणी टोपं नदीत उपडी करायचो, की होडीपासून पुलापर्यंत पाणी हे अस्संच. या चित्रवाल्या पोराला मी शिव्या घातल्यात, टोपं रिकामी करताना मधे आपलं होडकं घालतो म्हणून. आजारी डोळा म्हणे! वकीलसाहेब, तुम्ही कधी बुधवारी आला होता होडीवर?"

ताई, सभागृह असं हसलं की काढलेल्या खिडकीतून कबुतरं उडाली. कासान्यचा अंगठा फिरायचा थांबला होता. सोळा वर्षं ज्याच्यात त्यानं आकाश पाहिलं, ते त्याच्या स्वतःच्या बरणीतलं निघालं. मीही हसलो असतो. पण म्हातारी आता ब्रोसारच्या पडद्याकडे वळली होती.

"आणि हे काय आहे?" तिनं काठी उगारली. "ह्या दोघी चादर पिळतायत, बघा गं! एक पीळ घालतेय आणि दुसरी सोडवतेय. असं पिळलं तर ही चादर कयामतीपर्यंत वाळायची नाही. आणि ही कोण पाण्यात अनवाणी उभी? आमच्यात पाण्यात उभं कोण राहतं? पेंढ्याच्या खोक्यात गुडघे टेकतात. धोपटणं तर असं धरलंय जसं आरशात बघायला घेतलंय. अगं बाई, ही तर ब्रोसारची स्वयंपाकीण आदेल! हिनं आयुष्यात रुमाल धुतला नाही!"

मी व्यासपीठावरून म्हणालो (आवाज माझा होता, असं लोक सांगतात), "मावशी, डावीकडून तिसरी. तिला तर ओळखता ना?"

"न ओळखायला काय झालं? पाववाल्याची नोएमी ती. ब्रोसारचं तेव्हा तिच्याकडे येणंजाणं होतं."

"ती उर्स्युल आहे," मी म्हणालो. "माझी आई."

म्हातारी माझ्याकडे वळली. मग एवढ्या वेळात पहिल्यांदा जरा हळू बोलली, "उर्स्युल? नाही रे पोरा. उर्स्युल ही इथं आहे." आणि तिनं काठीचं टोक त्या पाव ठेवायच्या ताटलीवर टेकवलं. "ही बघ. डावं कुल्लं बाहेर काढून उभी आहे. फळीवरनं घसरून पडली त्या हिवाळ्यापासनं अशीच उभी राहायची. आणि हात बघ तिचे, निळे. कोपरापर्यंत निळे असायचे आमचे. नखांत, भेगांत, आठवडाभर जायचं नाही. रविवारी बाहेर पडताना हातमोजे घालायचो ते काय थंडीनं?"

ताई, शाळेत असताना आई मला भेटायला यायची, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. जून महिन्यातही तिच्या हातात काळे हातमोजे असायचे. इतर मुलांच्या आयांना नसायचे. मला त्यांचा केवढा अभिमान वाटायचा! मी मित्रांना सांगायचो, आमच्यात बायका हातमोज्याशिवाय बाहेर पडत नाहीत.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. कोणीतरी मला पाणी दिलं. ब्रोसार लंगडत व्यासपीठाच्या पायरीशी आला आणि टोपी हातात घेऊन म्हणाला, "एव्हारिस्त, जानेवारी होता रे. नदीवर बोटं गोठायची. चित्रशाळेत शेगडी होती. तुझ्या आईला मी खरंच बोलावलं होतं, देवाशपथ. ती आली, दहा मिनिटं उभी राहिली, म्हणाली, 'नुसतं उभं राहायला मला सवड नाही,' आणि गेली. नंतर मी नोएमीला उभी केली."

"मग मला का सांगितलंस?"

"तू ज्या तऱ्हेनं चित्राकडे बघत होतास ना, तसं त्याच्याकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं. परीक्षकांनी नाही, वर्तमानपत्रवाल्यांनी नाही. मला ते मोडवेना. मग वर्षं गेली, आणि तू तर भाषणं करायला लागलास."

मी त्याच्यावर रागावलो नाही. राग यायला वेळही मिळाला नाही, कारण पाच वाजले होते, बायका खुर्च्या भिंतीला लावत होत्या, आणि शिपायानं मतदानाच्या चिठ्ठ्यांसाठी नाचाच्या जेवणातलं सूपचं भांडं आणून ठेवलं होतं. तेरा चिठ्ठ्या पडल्या, त्यांतल्या दोन ओल्या. निकाल: ब्रोसार सहा, ताटली सात. मतदान गुप्त होतं, त्यामुळे सातवा मनुष्य कोण, कोणाच्या दबावाखाली, कोणत्या क्षणिक भावनेच्या भरात त्यानं वास्तववादाचा घात केला, हे इतिहासच शोधील. त्यानंतर पेर्पेत्यू मावशीनं मला दंडाला धरून नाचायला ओढलं. "उर्स्युलचा पोरगा धुणेवाल्यांच्या सणाला उभाच राहणार काय?" असं म्हणाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पण पोलका नाचताना दया करत नाही. उसणीचं मूळ हे. रात्री अंड्याची धिरडी होती, मी सात खाल्ली. कासान्य माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, पुरचुंडीत नीळ खरंच कमी भरतो काय मी?" मी त्याला धिरडं वाढलं.

सध्या ते चित्र भिंतीवर आहे. भिंत 'धुणं'साठी मोजलेली, त्यामुळे चार मोठे आकडे आधीच ठोकले होते. त्यांतल्या डावीकडच्या खालच्या आकड्याला ही ताटली टांगली आहे. अंगणात एकटंच सुटलेलं कोंबडीचं पिल्लू दिसावं तशी ती दिसते. नगराध्यक्षांची तक्रार आहे की आपल्या पाहुण्यांना आधी डाग वाटतो. ब्रोसारचं चित्र मी माझ्या कचेरीत घ्यायचं कबूल केलं आहे, म्हणजे कचेरीची खिडकी काढावी लागेल.

आता, ताई, मी या सगळ्याचा शांत डोक्यानं विचार केला आहे, आणि माझं मत तसूभरही हललेलं नाही. आधुनिक कलेचा आरंभ वास्तववादापासूनच होतो. एका म्हातारीनं चादरीचा पीळ चुकला म्हणून दाखवल्यानं कलेच्या इतिहासाची पानं बदलत नाहीत. धुणेवालीलाही जागा आहे, हे आधी कोणीतरी ओरडून सांगायला हवं होतं. ते ब्रोसारच्या पिढीनं सांगितलं, म्हणून तर मारेन नावाचा पोरगा निवांत बोटीत बसून तिच्याकडे पाहू शकला. हे मी पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या वाचनालयात सविस्तर मांडणार आहे. काल सकाळी मी एकटा सभागृहात जाऊन ते छोटं चित्र पुन्हा पाहिलं, तटस्थपणे. आईला मी तत्काळ ओळखलं. साम्य चांगलं आहे, पण हस्तकौशल्य कच्चं आहे.

तू एवढ्यात इकडे यायची दगदग करू नकोस. रस्ते चिखलाचे आहेत, गाड्यांत पॅरिसच्या लोखंडी मनोऱ्याला निघालेल्यांची गर्दी आहे, आणि तुझे गुडघे. दाजींना नमस्कार. सशिणीच्या पिल्लांना धाकट्या मामाचे आशीर्वाद.

तुझा, उभ्यानं लिहिणारा,
एव्हारिस्त

ता. क. सातवी चिठ्ठी माझी होती. दाजींना सांगू नकोस. वाचनालयातलं भाषण तरीही होईल, कारण हॉल घेतला आहे. पण त्यात मी एक वाक्य घालणार आहे आणि ते तुझ्यापुढं आधी ठेवतो. एकानं आईला बारा फूट जागा दिली आणि तीत दुसरीच बाई उभी केली. दुसऱ्यानं नखाएवढी जागा दिली आणि तीत आई उभी केली. यातून आरंभ कोणाचा ठरतो ते मला अजून ठरवता आलेलं नाही. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच असं झालं आहे, आणि झोप नीट लागत नाही.

आणखी ता. क. वर मी खोटं लिहिलं. आईला मी ओळखलं नाही. म्हातारीनं काठी टेकवली तेव्हा मी व्यासपीठावर होतो, आठ पावलं मागं. टोक नेमकं कुठं टेकलं ते दिसलं नाही. काल मी त्या चित्रापुढं दोन तास उभा होतो. होडीवर चार ठिपके आहेत. एकीच्या डोक्यावर लाल काहीतरी आहे, एक जरा बाजूला आहे, दोन शेजारीशेजारी आहेत. चौघींचेही हात निळे आहेत. डावं कुल्लं कोणाचं बाहेर आहे ते मला कळत नाही, ताई, कारण कामावर ती कशी उभी राहायची ते मी पाहिलेलंच नाही. तिनं मला त्या होडीवर कधी येऊ दिलं नाही. म्हणायची, तू पुस्तक वाच. पेर्पेत्यू मावशीला विचारता येत नाही, ती विचारील, आईला ओळखत नाहीस काय रे? आणि कासान्यला विचारण्यापेक्षा मी जर्मनीतल्या त्या प्राध्यापकाला विचारीन.

शेवटचा ता. क. दगदग कर. ये. तू दहा वर्षांची असल्यापासून तिच्या शेजारी गुडघे टेकलेस, तुला पाठ बघून कळेल. बाराची गाडी दुपारी तीनला इथं येते, मी स्टेशनवर खुर्ची घेऊन उभा राहीन. लोकांना सांगू की उसण बघायला आलीस. सभागृहाची किल्ली शिपायाकडून मी घेऊन ठेवली आहे. दुसरं कोणी नसताना आपण दोघं जाऊ, आणि तू फक्त बोट ठेव. येताना हातमोजे घालू नकोस. बोट नेमकं कुठं टेकतं, ते या वेळी मला दिसलं पाहिजे.